एक हात वर गेला नाही : इराक युद्धाची गोष्ट

 

मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत हिशेब संपला, चहा आला आणि मोबाईलवर कुणीतरी बातम्या लावल्या. अणुबॉम्ब, दहशतवाद, अमुक देशानं तमुक देशाला इशारा दिला, असं सगळं चाललं होतं. तेव्हा एका मावशींनी विचारलं, "ताई, मागं ते इराकवर युद्ध झालं, त्यांच्याकडं बॉम्ब आहे म्हणून. मग तो सापडला का?" आम्ही म्हटलं, नाही सापडला. मावशी म्हणाल्या, "मग?" त्या 'मग'चं उत्तर चहाच्या कपाबरोबर देता येईना. म्हणून आज ते देतो आहोत. थोडं लांबेल. भाजी निवडत ऐका.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. जगात अणुबॉम्ब कुणाकडे असावा, कुणाकडे नसावा, यासाठी १९६८ साली एक करार झाला आणि १९७० पासून तो लागू झाला. पाच देशांकडे बॉम्ब आधीच होता, त्यांच्याकडे तो राहिला. बाकीच्यांनी करायचा नाही, असं ठरलं. भारतानं या करारावर सही केली नाही, कारण हा न्याय आपल्याला एकतर्फी वाटला. इराकनं मात्र सही केली होती. सही केलेल्या देशांत तपासणीला माणसं जातात. ती ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरातल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची असतात. ती येतात, माल मोजतात, वजन करतात आणि सील लावून जातात. विजेच्या मीटरला सील असतं ना, तसंच. पुढच्या वेळी आल्यावर सील तुटलंय का ते बघायचं. ऑडिटच म्हणा ना. हे सील पुढं गोष्टीत परत येणार आहे, ध्यानात ठेवा.

आता इराक. सद्दाम हुसेन हा तिथला हुकूमशहा. तो भला माणूस होता असं आम्ही चुकूनही म्हणणार नाही. १६ मार्च १९८८ ला त्यानं आपल्याच देशातल्या हलब्जा या कुर्दी गावावर विषारी वायू सोडला. हजारो माणसं, त्यात कितीतरी बाया आणि पोरं, घराच्या उंबऱ्यातच मेली. ऑगस्ट १९९० मध्ये त्यानं शेजारचं कुवेत गिळलं. तेव्हा तिथं कामाला गेलेली आपली माणसं अडकली. एअर इंडियाच्या विमानांनी जवळपास पावणेदोन लाख भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानहून मुंबईला आणलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी आखाती देशात गेलेला माणूस असेल, तर त्या दिवसांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. अंगावरच्या कपड्यांनिशी परत आलेली माणसं होती ती.

१९९१ मध्ये युद्ध होऊन कुवेत सुटलं. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांनी इराकला सांगितलं, तुमची सगळी घातक शस्त्रं नष्ट करा आणि तपासनीसांना दाखवा. तपासनीस गेले. इराकनं आधी लपवाछपवी केली, पकडला गेला, मग पुन्हा थोडं सांगितलं. पण सात-आठ वर्षांत बरंच काही शोधलं गेलं, मोडलं गेलं, जाळलं गेलं. अणुबॉम्बची तयारी तर १९९१ नंतर बंदच पडली होती. १९९८ च्या डिसेंबरात तपासनीस बाहेर पडले आणि पुढची चार वर्षं आत काय चाललंय हे बाहेरून कुणाला दिसेना.

या सगळ्या काळात देशावर व्यापारबंदी होती. तेल विकता येत नव्हतं, औषधं मिळत नव्हती. सद्दामच्या महालांना त्याचा फार त्रास झाला नाही, चुलीला झाला. १९९७ पासून तेलाच्या बदल्यात धान्य येऊ लागलं. घराघराला महिन्याचं रेशन मिळे : पीठ, तांदूळ, डाळ, साखर, चहा, तेल. रेशनकार्ड हातात धरून ओळीत उभी राहिलेली बाई आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

आता अमेरिकेकडे जाऊ. ११ सप्टेंबर २००१. एकोणीस दहशतवाद्यांनी चार विमानं पळवली. दोन न्यूयॉर्कच्या उंच इमारतींवर आदळली, एक लष्कराच्या मुख्यालयावर, एक शेतात पडलं. जवळजवळ तीन हजार माणसं गेली. हे काम अल कायदाचं होतं. त्यांचा म्होरक्या ओसामा बिन लादेन अफगाणिस्तानात बसला होता. एकोणिसातला एकही जण इराकी नव्हता.

तीनच दिवसांनी, १४ सप्टेंबरला, अमेरिकेच्या संसदेत ठराव आला. मुख्य वाक्य अवघ्या साठ शब्दांचं. हल्ला करणाऱ्यांवर आणि त्यांना आसरा देणाऱ्यांवर राष्ट्राध्यक्षांना लागेल ती लष्करी ताकद वापरता येईल, असं त्यात होतं. कोणता देश, किती दिवस, हे काही नव्हतं. वरच्या सभागृहात ९८ विरुद्ध शून्य. खालच्या सभागृहात ४२० विरुद्ध १. चारशेवीस हा आकडा ऐकून हसू नका, खरंच तेवढाच होता.

तो एक म्हणजे बार्बरा ली. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या तेव्हाच्या खासदार. कृष्णवर्णीय बाई, दोन मुलांना एकटीनं वाढवत, सरकारी मदतीवर राहून शिकलेल्या, समाजकार्याची पदवी घेतलेल्या. त्या दिवशी त्या मृतांसाठीच्या प्रार्थनासभेला गेल्या होत्या. मग सभागृहात येऊन बोलल्या. रडू आवरत बोलल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं : दुःख मोठं आहे, पण घाईनं असा ठराव करू नका, ज्याला शेवट नाही आणि ज्याचं नेमकं लक्ष्य ठरलेलं नाही. त्यानंतर त्यांना इतक्या धमक्या आल्या की पोलीस पहारा द्यावा लागला. देशद्रोही म्हणाले लोक. पुढे त्याच साठ शब्दांच्या आधारावर एकामागून एक राष्ट्राध्यक्षांनी कितीतरी देशांत सैन्य आणि विमानं पाठवली.

इथं आम्हाला आमचंच एक सांगायचं आहे. आमच्या गटांपैकी एकात काही वर्षांपूर्वी कर्जाच्या हप्त्याची रक्कम बँकेच्या पासबुकात दिसेना. पैसे भरायला ज्या बाई गेल्या होत्या, त्यांच्याकडे सगळ्यांचं बोट गेलं. त्यांच्या घरी अडचण होती, नवरा आजारी होता, एवढंच पुरेसं झालं. बैठक तापली. बाईंना गटातून काढायचा ठराव मांडला. सगळ्यांनी हात वर केले. एका म्हातारीनं केला नाही. ती म्हणाली, "स्लिप कुठं आहे ते तरी बघा." आम्ही म्हटलं, आजी, तुम्हाला व्यवहारातलं कळत नाही. तो ठराव इतिवृत्तात लिहिणारा हात आमचाच होता. दीड महिन्यानं कळलं, आमच्यासारखंच नाव असलेल्या दुसऱ्या गटाच्या खात्यात ती रक्कम चुकून जमा झाली होती. त्या बाई परत आल्या नाहीत. आम्ही बोलावलं, पण ज्या आवाजात काढलं होतं त्या आवाजात बोलावलं नाही.

आमच्या गटाची आणि अमेरिकेची बरोबरी करायची नाही. पण बार्बरा लींबद्दल वाचताना ती म्हातारी डोळ्यापुढे आली, हे खरं आहे.

बरं, पुढे चला. अफगाणिस्तानात युद्ध सुरू झालं. आणि २००२ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी भाषणात तीन देशांची नावं एका दमात घेतली : इराक, इराण, उत्तर कोरिया. इथून दोन भीत्या एका गाठोड्यात बांधल्या गेल्या. एक भीती दहशतवाद्यांची, दुसरी अणुबॉम्बची. वेगवेगळ्या होत्या तोवर त्यांवर वेगवेगळा इलाज होता. दहशतवाद्यांना पकडायला पोलीस, गुप्तचर, पैशाच्या वाटा बंद करणं. बॉम्बचा प्रसार थांबवायला तपासनीस, सील, वाटाघाटी. पण सद्दाम बॉम्ब करेल आणि तो अल कायदाला देईल, असं म्हटलं की दोन्ही इलाज अपुरे वाटायला लागतात. उरतं फक्त युद्ध. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी इराककडे घातक शस्त्रं आहेत यात शंकाच नाही, असं जाहीर सांगितलं. सप्टेंबरात काँडोलिझा राईस म्हणाल्या त्याचा अर्थ असा, की पुराव्याची वाट बघत बसलो तर पुरावा म्हणून अणुस्फोटाचा ढगच दिसेल. असं कुणी म्हटलं की समोरच्यानं बोलायचं काय? पुरावा मागणारा बेजबाबदार ठरतो.

तरी काही जण बोलले. सरकारच्या आतही बोलले. पण पुरावे म्हणून जे पुढे केलं गेलं ते काय होतं, ते बघू.

पहिलं, ॲल्युमिनियमच्या नळ्या. इराकनं मागवलेल्या नळ्या २००१ मध्ये वाटेत पकडल्या होत्या. युरेनियम शुद्ध करायच्या यंत्रासाठी त्या आहेत असं गुप्तचर खात्यानं म्हटलं. अमेरिकेच्याच ऊर्जा खात्यातले तज्ज्ञ, ज्यांचं सगळं आयुष्य त्या यंत्रांत गेलं, ते म्हणत होते, अहो, या नळ्या साध्या रॉकेटच्या मापाच्या आहेत. ८१ मिलिमीटर. इराक तसली रॉकेटं आधीपासून बनवत होता. पण वरच्या भाषणात नळ्या आल्या, तज्ज्ञांची शंका आली नाही.

दुसरं, आफ्रिकेतल्या नायजर देशातून युरेनियम विकत घेतल्याचे कागद. २८ जानेवारी २००३ च्या भाषणात बुश यांनी आफ्रिकेतल्या युरेनियमचा उल्लेख केला. मग ते कागद व्हिएन्नाच्या संस्थेकडे आले. त्यांच्या लोकांना खोटेपणा पकडायला फार वेळ लागला नाही. एका पत्रावर अशा मंत्र्याची सही होती, जो दहा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर नव्हताच! आपल्या गावात ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर जुन्या सरपंचाची सही कुणी आणली, तर आपली एखादी सातवी शिकलेली सचिवसुद्धा तो परत करेल.

तिसरं, फिरत्या गाड्यांमधले रोगजंतूंचे कारखाने. ही माहिती जर्मनीत आसरा मागायला आलेल्या एका इराकी माणसानं दिली होती. अमेरिकेच्या गुप्तचरांनी त्याची स्वतः नीट चौकशी केलीच नव्हती. २०११ मध्ये त्यानं वर्तमानपत्राला मुलाखत देऊन कबूल केलं, मी खोटं बोललो.

आणि चौथं, इराक आणि अल कायदाचं नातं. अल कायदाच्या लोकांना इराकनं विषारी शस्त्रांचं शिक्षण दिलं, असं एका पकडलेल्या माणसानं सांगितलं. त्याला इजिप्तच्या ताब्यात देऊन छळ केला, तेव्हा तो ते बोलला. २००४ मध्ये त्यानं ते मागे घेतलं. आमच्या भागात चोरीच्या संशयावरून माणसाला बडवतात, आणि मार चुकवायला तो कुणाचंही नाव घेतो. त्या नावावर एक पूर्ण युद्ध उभं राहील, असं कुणाला वाटलं असतं?

ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेच्या संसदेत इराकविषयी वेगळा ठराव झाला. या वेळी विरोधात एकच हात नव्हता. खालच्या सभागृहात २९६ विरुद्ध १३३, वरच्या सभागृहात ७७ विरुद्ध २३. तरी झाला.

नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं एकमतानं इराकला शेवटची संधी दिली आणि तपासनीस पुन्हा आत गेले. त्यांचे प्रमुख हान्स ब्लिक्स, स्वीडनचे, आणि अणुविषयक तपासणीचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई, इजिप्तचे. ब्लिक्स काही सद्दामच्या बाजूचे नव्हते. इराककडे काहीतरी दडवलेलं असेल, असं त्यांनाही आधी वाटत होतं. पण वाटणं वेगळं आणि सापडणं वेगळं, एवढा भेद त्यांनी सोडला नाही. सातशेहून अधिक तपासण्या झाल्या. अमेरिका आणि ब्रिटननं दिलेल्या पत्त्यांवरही गेले. घातक शस्त्रांचा साठा सापडला नाही.

५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत बोलले. पांढऱ्या पुडीची छोटी कुपी हातात धरून त्यांनी दाखवली, एवढंसं विष किती माणसं मारू शकतं ते सांगायला. सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिलं. त्या सभागृहाच्या दाराबाहेर भिंतीवर एक विणलेलं मोठं चित्र टांगलेलं असे. आपल्या सोलापूरला भिंतीवर टांगायची चित्रं विणतात ना, त्या जातीचं, पण फार मोठं. पिकासोच्या 'गेर्निका' या चित्रावरून एका फ्रेंच विणकर बाईंनी ते १९५५ मध्ये विणलं होतं. गेर्निका हे स्पेनमधलं गाव, १९३७ मध्ये बॉम्ब टाकून बेचिराख केलेलं. त्या चित्रात मेलेलं मूल मांडीवर घेऊन टाहो फोडणारी आई आहे. त्या दिवसांत तिथं वार्ताहर उभे राहणार म्हणून ते चित्र निळ्या पडद्यानं झाकलं गेलं. कॅमेऱ्याला मागची जागा साधी हवी होती, असं कारण दिलं गेलं. असेलही.

त्याच आठवड्यांत ब्रिटनमध्ये एक वेगळी गोष्ट घडत होती. कॅथरिन गन नावाची अठ्ठावीस वर्षांची मुलगी सरकारच्या गुप्त कार्यालयात भाषांतराचं काम करायची. ३१ जानेवारीला तिथं अमेरिकेकडून एक मेल आला. सुरक्षा परिषदेत ज्या सहा देशांची मतं अजून ठरली नव्हती, त्यांच्या प्रतिनिधींची बोलणी चोरून ऐकायला मदत करा, असं त्यात होतं. म्हणजे मतं वळवायची तर आतली माहिती हवी. तिनं तो मेल छापून घेतला, बाहेर पोहोचवला, आणि २ मार्चला तो वर्तमानपत्रात आला. कार्यालयात चौकशी सुरू झाली तेव्हा एकेका सहकाऱ्यावर संशय जाऊ लागला. तिला ते सहन झालं नाही, तिनं स्वतःहून सांगितलं, मी केलं. नोकरी गेली, अटक झाली, खटला भरला. २५ फेब्रुवारी २००४ ला कोर्टात उभी राहिली तर सरकारनं खटलाच मागे घेतला. पुढे चालवला असता तर युद्ध कायदेशीर होतं का, हा प्रश्न कोर्टात निघाला असता. खटला मागे का घेतला, याचं आमच्या मते हेच कारण.

७ मार्चला अल बरादेई यांनी सुरक्षा परिषदेला सांगितलं : नायजरचे कागद खरे नाहीत, नळ्या बॉम्बच्या कामाच्या दिसत नाहीत, अणुकार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याची खूण नाही. ब्लिक्स म्हणाले, काम पूर्ण करायला अजून काही महिने लागतील. वर्षं नाहीत, महिने. ते महिने त्यांना मिळाले नाहीत. १८ मार्चला तपासनीस बाहेर पडले आणि २० मार्च २००३ ला बॉम्ब पडू लागले.

आता ते सील. बगदादच्या दक्षिणेला तुवैथा नावाचं जुनं अणुकेंद्र होतं. तिथं शेकडो टन कच्चं युरेनियम पिंपांत भरून ठेवलेलं होतं. ते लपवलेलं नव्हतं. व्हिएन्नाच्या लोकांनी मोजलेलं, नोंदलेलं, सील केलेलं होतं, आणि वर्षानुवर्षं ते सील शाबूत होतं. ज्या भीतीसाठी युद्ध केलं, त्या जातीचा खरा माल देशात होता तो एवढाच, आणि तो बंद कुलपात होता. युद्धात इराकी पहारेकरी पळाले, आणि आलेल्या सैन्यानं सुरुवातीला त्या जागेवर पुरेसा पहारा ठेवला नाही. आसपासच्या वस्त्यांतले लोक आत शिरले. त्यांना बॉम्ब करायचा नव्हता. त्यांना पिंपं हवी होती. नळाला पाणी नाही, वीज नाही, मार्च-एप्रिलचं ऊन. आतली पिवळी पूड जमिनीवर ओतली, पिंपं खळखळून धुतली आणि घरी नेली. त्यात पिण्याचं पाणी भरलं. काहींनी दूध ठेवलं, काहींनी कपडे धुतले. नंतर पर्यावरणवाद्यांची एक संघटना आणि सैन्यही फिरलं, नवी पिंपं किंवा पैसे देऊन जुनी परत घेत. जूनमध्ये व्हिएन्नाचे तपासनीस आले, जमिनीवरची पूड गोळा केली, मोजली. बहुतेक माल सापडला. उरलेलं ते युरेनियम २००८ मध्ये कॅनडाला नेलं गेलं.

आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवलं. आपल्याकडे टँकर येतो तेव्हा रंगाचे, औषधाचे, कसले कसले डबे धुऊन आपण पाणी भरतो. डब्यावर काय लिहिलंय ते कोण वाचतं?

बॉम्ब शोधायला अमेरिकेनं चौदाशेच्या आसपास माणसांचं पथक इराकभर फिरवलं. त्याचे पहिले प्रमुख डेव्हिड के यांनी जानेवारी २००४ मध्ये अमेरिकेच्या संसदेपुढे सांगितलं, आमचं जवळजवळ सगळ्यांचंच चुकलं. त्या वर्षीच्या अहवालात पक्कं झालं : घातक शस्त्रांचे साठे नव्हते, अणुकार्यक्रम १९९१ लाच संपला होता. मग सद्दामनं उघड का सांगितलं नाही? त्याला शेजारच्या इराणची भीती होती. आपल्याकडे काही नाही हे इराणला कळू नये, म्हणून तो संदिग्ध राहिला. मुठीत काही नसताना मूठ झाकून ठेवली, आणि त्याची किंमत सगळ्या देशानं दिली. नोंद असलेल्याच साध्या नागरिकांचे मृत्यू एक लाखाच्या वर आहेत. अमेरिकेचे साडेचार हजारांच्या आसपास सैनिक गेले. आणि युद्धापूर्वी इराकमध्ये ज्यांना नीट पाय ठेवता येत नव्हता, ते अल कायदावाले युद्धानंतर तिथं येऊन बसले. त्यांच्यातूनच पुढे इसिस निघालं. पॉवेल यांनी २००५ मध्ये सांगितलं, की ते भाषण म्हणजे आपल्या कारकिर्दीवरचा डाग आहे.

याच वेळी खरा प्रसार कुठं चालला होता ते ऐका. ऑक्टोबर २००३ मध्ये लिबियाला निघालेलं एक जहाज इटलीकडे वळवलं गेलं. त्यात युरेनियम शुद्ध करायच्या यंत्रांचे हजारो भाग निघाले. धागा गेला पाकिस्तानच्या ए. क्यू. खानपर्यंत. लिबिया, इराण, उत्तर कोरिया, सगळीकडे या माणसानं तंत्रज्ञान विकलं होतं. ४ फेब्रुवारी २००४ ला त्यानं टीव्हीवर कबुली दिली आणि दुसऱ्याच दिवशी मुशर्रफ यांनी त्याला माफ केलं. पाकिस्तान दहशतवादविरोधी युद्धात अमेरिकेचा सोबती होता, त्यामुळे अमेरिकेनंही फार ताणलं नाही. उत्तर कोरिया तर जानेवारी २००३ मध्येच करारातून बाहेर पडला होता. २००६ मध्ये त्यानं स्फोट करून दाखवला. ज्याच्याकडे नव्हता त्याच्यावर युद्ध झालं, ज्याच्याकडे झाला त्याच्याशी बोलणी करावी लागली. बाकीच्या देशांनी यातून काय शिकायचं ते शिकलंच असेल.

भारतानं काय केलं? एप्रिल २००३ मध्ये आपल्या लोकसभेत ठराव झाला. तेव्हा सरकार वाजपेयींचं होतं. शब्दावरून बरीच घासाघीस झाली. शेवटी हिंदी ठरावात 'निंदा' हा शब्द आला आणि इंग्रजीत त्याहून मऊ शब्द ठेवला गेला. हिंदी आपल्या लोकांसाठी, इंग्रजी वॉशिंग्टनसाठी, असा हिशेब असावा! मग अमेरिकेनं इराकमध्ये बंदोबस्ताला हजारो भारतीय सैनिक मागितले. सरकारमध्येही दोन मतं होती. जुलै २००३ मध्ये मंत्रिमंडळाच्या समितीनं ठरवलं, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसेल तर सैन्य जाणार नाही. हा निर्णय झाला नसता तर सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या किती घरांत कुणीतरी बगदादहून परत यायची वाट बघत बसलं असतं, हे सैनिकांच्या गावांतल्या मैत्रिणींना सांगायला नको.

आणि मुंबई. २६ नोव्हेंबर २००८ ला आपल्या मुंबईत १६६ माणसं मारली गेली. राग कुणाला आला नव्हता? त्या वेळचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी पुढे पुस्तकात लिहिलं आहे, की त्यांना स्वतःला आधी पाकिस्तानवर ताबडतोब हल्ला करावा असं वाटत होतं. सरकारनं तसं केलं नाही. दोन्हीकडे अणुबॉम्ब होता, आणि जिवंत पकडलेला अतिरेकी आपल्या हातात होता. खटला चालला, पुरावे जगापुढे गेले. यावर आजही वाद होतात, आमच्या घरीही होतात. आमच्या दिराला वाटतं, तेव्हाच मारायला हवं होतं. सासूबाई म्हणतात, तुझा भाऊ सीमेवर असता तर बोलला असतास का. अजून कुणी कुणाला जिंकलेलं नाही.

ब्रिटननं नंतर स्वतःच्या वागण्याची चौकशी लावली. सर जॉन चिलकॉट यांच्या समितीचा अहवाल ६ जुलै २०१६ ला आला. बारा खंड, सव्वीस लाख शब्द. शांततेचे मार्ग संपायच्या आधीच युद्धात उतरलो, आणि शस्त्रांबद्दल जी खात्री सांगितली ती पुराव्याला धरून नव्हती, असं त्यात लिहिलं आहे. मेलेल्या सैनिकांच्या आया तो अहवाल बघायला लंडनला आल्या होत्या. इराकी आयांना कुणी प्रत दिली का, आम्हाला माहीत नाही.

मावशी, तुमच्या 'मग?'चं हे उत्तर. या बैठकीला आम्ही आपलं जुनं इतिवृत्त काढलं होतं. त्या ठरावाखाली बारीक जागा शिल्लक होती. तिथं तारीख घालून लिहिलं, की रक्कम दुसऱ्या खात्यात गेली होती, बाईंचा दोष नव्हता, आणि हे त्या वेळी न तपासता लिहिलं गेलं. सगळ्यांनी सह्या केल्या. ती म्हातारी आता नाही. ज्या बाईंना काढलं होतं त्यांच्या घरी आम्ही तिघी जणी वही घेऊन गेलो. त्यांनी वाचलं, चहा टाकला, आणि म्हणाल्या, पुढच्या बैठकीचं बघू.